वरचा सूर

बाई चाळीस वर्षं व्हायोलिन वाजवत होत्या, शिकवत होत्या, स्वतःच्या रचना लिहीत होत्या. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी पहिल्यांदा अडली ती भर वर्गात. तारेवर पडायच्या ऐवजी ती आपोआप तळव्याकडे वळली.

"असं वाजवायचं नाही," बाई म्हणाल्या. वर्ग हसला.

मग ते रोजचंच झालं. कप धरताना, बटण लावताना करंगळी शहाण्यासारखी वागे. व्हायोलिन हातात घेतलं की वळे. डॉक्टरांकडे जायचा धीर होईना. त्यांनी दुखण्याला नाव दिलं की ते खरं होणार! घरात त्या दार लावून सराव करत. सूर निसटला की थांबून कानोसा घेत. नवऱ्यानं ऐकलं तर नाही ना?

त्यातच नव्या रचनेचा कार्यक्रम दोन आठवड्यांवर आला. मुख्य वादक त्याच. बाईंनी आपल्याच रचनेतले करंगळीचे सूर एकेक करून खोडले.

तालमीत दुसरं व्हायोलिन वाजवणारी त्यांची थोरली शिष्या थबकली. "बाई, इथला वरचा सूर कुठे गेला?"

"जास्तीचा होता."

"सगळा तुकडा त्याच्यासाठीच चढतो, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"मला शिकवू नकोस!"

शिष्येची नजर बाईंच्या डाव्या हातावर गेली. "कधीपासून?"

बाईंनी हात पदराआड घेतला. "सात महिने," त्या पुटपुटल्या. "हे गेलं तर मी कोण उरते गं?"

"ते मला नाही सांगता येणार. पण उद्या डॉक्टरांकडे मी येते तुमच्याबरोबर."

डॉक्टर म्हणाले, बोट सुधारेल, कदाचित नाहीही. निदान वर्षभर बाईंनी कार्यक्रमात वाजवायचं नाही.

खोडलेले सूर बाईंनी परत लिहिले आणि मुख्य भाग शिष्येच्या हाती दिला. कार्यक्रमाला त्या तिसऱ्या रांगेत बसल्या. स्वतः वाजवताना कधी धडधडलं नव्हतं इतकं काळीज धडधडत होतं. वरचा सूर आला. बाईंनी लिहिला होता त्याहून लांब शिष्येनं तो धरला. बाईंना राग आला, मग रडू.

आजही सकाळी सरावाला बसताना त्यांना धडकी भरते. बोट कधी ऐकतं, कधी नाही. दार मात्र आता उघडं असतं, आणि टेबलावर दुसरी रचना अर्धी लिहून झालीय.