टाकीचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. बोळिंजच्या एका वाडीत, चिंचेखाली, विटांवर उभी आहे. चारही चाकं केव्हाच गेली. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालतात आणि बॉनेटवर मिरच्या वाळतात. तुम्ही मुलं माझं स्टिअरिंग फिरवता तेव्हा बरं वाटतं. पण या गंजक्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला एवढं मोठं कुलूप कशाला, हे तुमच्यापैकी एकानंही अजून विचारलेलं नाही. ते आज सांगते. सांगण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे उरलेलंही नाही.

माझा जन्म कारखान्यातला, तरुणपण सरकारी खात्यात गेलं, आणि एकाहत्तर साली लिलावात मला सॅन्टननं घेतलं. सॅन्टन म्हणजे या वाडीचा मालक, केळी आणि भाजीचा बागायतदार. फादरांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि बळीरामनं माझ्यापुढे नारळ फोडला. दोन्ही देवांनी मिळून मला सांभाळायचं ठरलं होतं.

बळीराम पूर्वेकडच्या चांदीप गावचा. नावाला सॅन्टनचा ड्रायव्हर, पण दोघं एकाच डब्यातलं जेवत आणि एकमेकांना शिव्या देत, म्हणजे काय ते समजा. दर हिवाळ्यात बळीराम आपल्या शेतातल्या नव्या तांदळाचं पोतं सॅन्टनच्या दारात आणून टाकी. सॅन्टनच्या लेकीला, लूर्डसला, मी या घरात येण्याआधीच त्यानं खांद्यावर खेळवलं होतं. तो तिला म्हणे, "तुज्या लग्नात देवळात मीच नेनार तुला. दुसरा कोन गाडीत बसला तर मी चाकाखाली झोपंन." आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.

वाडीतली केळी मी स्टेशनवर पोचवी आणि चांदीपकडून पेंढा, शेणखत आणी. त्या वाटेवर पावसाळ्यात खाचरांचं पाणी चढे. एकदा मी तिथं इंजिनात पाणी जाऊन बंद पडले. बळीराम दिवसभर गुडघाभर पाण्यात उभा राहून मला धरून होता. जणू मी वाहून गेले तर तोही जाणार होता. परत आल्यावर तो सॅन्टनला म्हणाला, "हिला उंच करू. मोठी चाकं घालू. मग पानी हिचं काय वाकडं करतंय बघतो."

गोखिवऱ्याच्या गॅरेजात माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे बसवले, लष्करी गाडीची जुनी मोठी चाकं चढवली, आणि मी चांगली वीतभर उंच झाले. सारी आळी बघायला लोटली. सॅन्टनची बायको क्लेमेंटीन हिला माझ्यात चढायला स्टूल लागे, आणि ती दर वेळी मला नावं ठेवी. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला. त्या पावसाळ्यात एका थेंबानंही माझ्या इंजिनाला हात लावला नाही.

पण पेट्रोल तेव्हा भडकलेलं होतं. मीटर आणि पेट्रोल यांचा मेळ सॅन्टनला लागेना. पूर्वी लिटरमागे जेवढी धावत होते, त्याच्या पाऊणपट धाव मीटर दाखवू लागला.

इथं नीट ऐका. माझा मीटर चाकाचे फेरे मोजतो. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापतं. म्हणजे वाट तेवढीच, पण फेरे कमी, आणि मीटरवरचे किलोमीटरही कमी. शिवाय जड चाकं ओढायला मला पेट्रोल थोडं जास्त लागेच. थोडी माझी भूक, थोडा मीटरचा खोटेपणा. हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड नव्हतं.

तोंड शेजारच्या आलोशियसला होतं. तो एके दिवशी माझ्या मडगार्डला टेकून म्हणाला, "सॅन्टन, मांजराला दुधाची राखण दिलीस तू. उंच चाकांचं खूळ कोणी काढलं? आता पेट्रोल कुठं जातं म्हणून विचारलं, की चाकांकडं बोट दाखवायला मोकळा."

सॅन्टन त्याच्यावर रागावला. पण संशयाला औषध नसतं. आठवड्याभरात माझ्या टाकीच्या झाकणाला कडी बसली आणि कडीला कुलूप लागलं. किल्ली सॅन्टनच्या खिशात.

सकाळी बळीराम आला. त्यानं कुलूप पाहिलं आणि ते एकदा ओढून बघितलं.

"हे काय?"

"पेट्रोल महाग झालंय. लोक काढून नेतात," सॅन्टन दुसरीकडे बघत म्हणाला.

"वाडीत रातचा कुत्रा असतो. दिवसा मी असतो. कोन लोक, सॅन्टन?"

सॅन्टन खिशातली किल्ली चाचपत राहिला. तो नुसतं 'तू नाहीस' एवढं म्हणाला असता तरी पुरलं असतं. बळीरामनं माझी चावी बॉनेटवर ठेवली, मला एकदा थोपटलं आणि तो पायी निघून गेला.

मग लूर्डसचं लग्न ठरलं. लग्नाच्या कपड्यांत तिला एवढ्या उंच चढता येईना, म्हणून सॅन्टननं माझे ठोकळे काढले आणि जुनी लहान चाकं परत बसवली. झालं. मीटर खरं बोलू लागला आणि लिटरमागची धाव पहिल्यासारखी भरली.

"बघ," सॅन्टन क्लेमेंटीनला म्हणाला, "बळी गेला आणि पेट्रोल पुरायला लागलं."

"चाकंही तेव्हाच बदललीस ना?" ती म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. माणसाला पुरावा मिळाला की कान बंद होतात. त्या क्षणी मी भर रस्त्यात मोडून पडले असते तर बरं झालं असतं.

लग्नाच्या सकाळी दारात नव्या तांदळाचं पोतं आढळलं. आणणारा दिसला नाही. सॅन्टन म्हणाला, "चोराच्या मनात चांदणं." क्लेमेंटीननं डोळे पुसले आणि पोतं आत नेलं. मला देवळात सॅन्टनचा भाचा घेऊन गेला. वाटेत लूर्डसनं विचारलं, "बळीकाका का नाही आले?" भाच्यानं माझा गिअर बदलला.

सॅन्टन शहाऐंशी साली गेला. जिवंतपणी त्यानं बळीरामचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि कुलूपही काढलं नाही. किल्ली त्याच्या कोटाच्या खिशात असे. त्याच कोटात त्याला पुरलं.

माती झाल्यावर सगळे घरात कॉफी घेत बसले होते. तेव्हा एक वाकलेला म्हातारा मागच्या वाटेनं वाडीत आला. मी त्याला पावलांवरून ओळखलं. बळीराम घरात गेला नाही. तो माझ्यापाशी आला, त्यानं ते गंजलेलं कुलूप हातात धरलं आणि हळूच म्हणाला,

"तुला तरी ठावं हाय ना?"

तो थांबला. खरंच थांबला, उत्तराची वाट बघत. माझी बॅटरी कधीच काढून नेलेली. साधा हॉर्नसुद्धा मला वाजवता आला नाही. थोड्या वेळानं त्यानं कुलूप सोडलं आणि तो गेला. पुन्हा आला नाही.

मित्रांनो, मोठे झालात की कुणाला तरी मापायची पाळी तुमच्यावर येईल. तेव्हा आधी माप तपासा. मला रंग नको, चाकं नकोत. तुमच्या घरी लोखंड कापायची करवत असेल तर एवढं कुलूप कापा आणि चांदीपला नेऊन द्या. घ्यायला तिथं कोणी उरलं असेल की नाही, मला माहीत नाही. तरी कापा.