तात्यांची बाज

शहाण्णव सालच्या मे महिन्यात मी तात्यांची बाज जीपच्या टपावर उलटी बांधली आणि कोऱ्हाळ्याहून निरवांगीला निघालो. बाज कसली, बाभळीचा नुसता सांगाडा. दोर कुजून गळून गेला होता. मी बारामतीहून नवा पलंग आणि फोमची गादी आणून दिली होती, पण तात्यांनी तिच्यावर एक रात्र काढली आणि सकाळी जाहीर केलं, की ही गादी माणसाला गिळते. तेव्हापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माझे वडील जमिनीवर झोपत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आवर्जून सांगतही होते.

दोराची बाज विणणारा आमच्या भागात आता कोणी उरला नव्हता. ते काम येणारा एकच माणूस मला माहीत होता आणि त्याला मी अठरा वर्षांत भेटलो नव्हतो. श्रीपती माझा शाळासोबती, आमच्याच गावातल्या बौद्ध वस्तीतला. बारामतीला हायस्कुलात असताना दर शनिवारी आम्ही एका सायकलवर गावी यायचो. चढाला पायडल तो मारायचा, उताराला मी. वाटेत कॅनॉलमध्ये डुंबायचो आणि अंगावरच कपडे वाळवत घरी जायचो. पुढं तो इंदापूर तालुक्यात शिक्षक झाला आणि सासुरवाडीला, निरवांगीला, घर बांधून राहिला. त्याची पत्रं आली, वास्तूचं बोलावणं आलं. मी दर वेळी कारखान्याचा हंगाम पुढं केला. आमचं भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवायला तरी गेलो असतो.

निघताना तात्या काठी घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसले. बाज माझी आहे, मी येणार, एवढंच म्हणाले. मला धडकी भरली. तात्यांची जीभ सगळ्या गावाला ठाऊक होती. श्रीपतीचे वडील भिमा आमची बाज विणायचे आणि दर वर्षी ती महिन्याभरात मधोमध झोळी व्हायची. मग तात्या ओट्यावर बसून भिमाच्या कामचुकारपणावर आख्खी सकाळ बोलायचे. तेच त्यांनी लेकाच्या दारात बोलून दाखवलं, तर अठरा वर्षांनी मिळू पाहणारा मित्र मला कायमचा गमवावा लागणार होता. भवानीनगर मागं पडलं, लासुर्णे गेलं, तरी त्यांना कसं सांगावं ते मला सुचेना. शेवटी तिथं जुनं काही काढू नका, असं मी कसंबसं म्हणालो. तात्या उसाकडं बघत राहिले.

श्रीपतीचे केस पांढरे झाले होते आणि चष्मा जाड. त्यानं आधी टपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बाज मोडली म्हणून आलास, व्हय?"

तो हसला आणि पुढं होऊन त्यानं तात्यांना हाताला धरून खाली उतरवलं. त्याच्या बायकोनं, शालननं, चहा आणला. माझं सगळं लक्ष तात्यांच्या कपावर. त्यांनी फुंकर मारून चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, जसे काही रोजच इथं येत होते. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी रागही आला. इतकं सोपं होतं, तर मग इतकी वर्षं काय अडलं होतं?

श्रीपतीनं आपले हात पुढं केले. संधिवातानं बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. दोन उन्हाळे झाले, त्यानं बाज विणली नव्हती. तो म्हणाला, बोटं गेली पण तोंड शाबूत आहे, मी सांगतो, तू वीण. आयुष्यभर कारखान्यात कागद पुढं सरकवणारा मी, चार तास गोठ्याच्या सावलीत मांडी घालून बसलो. सोबत आणलेला नवा दोर हौदात भिजत टाकला. मग एका कोपऱ्यातून तिरका न्यायचा, दोन दोरांवरून, दोनांखालून, आणि दर फेरीला एक दोर पुढं सरकायचं. माझी फेरी चुकली की श्रीपती वर्गात बोलावं तसं बोलायचा. दोनदा त्यानं मला सगळं उसवायला लावलं. तळहाताची सालं निघाली. मधेच त्यानं विचारलं, की उतारालाच तुला पायडल मारायची हौस कशी काय यायची रे, आणि आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. इतका सुखी मी कित्येक वर्षांत नव्हतो.

चारच्या सुमाराला वीण पुरी झाली. पायथ्याकडं वीतभर जागा मोकळी ठेवून तिथं बाज ताणून घ्यायची, ओढणीची वेगळी दोरी भरली. खरं काम आता, श्रीपती म्हणाला. विणणाऱ्यानं बाजेवर पाठ टेकायची. कुठं ढिली आहे ते त्याच्या पाठीलाच कळतं. तो सांगेल तशी दुसऱ्यानं पायथ्याची दोरी ओढायची, असं तीनदा. मग बाज दहा वर्षं हलत नाही.

मी भाबडेपणानं विचारलं, की मग आमची दर वर्षी झोळी का व्हायची?

श्रीपती चष्मा पुसत होता. त्याचा आवाज अजिबात चढला नाही.

"माझा बाप तुमच्या अंगणात विणायचा, मोहन. तुमच्या बाजेवर त्यानं पाठ कशी टेकायची?"

मला आठवलं, भिमा गेले की माझी आई विणलेल्या बाजेवर पाणी शिंपडायची आणि मगच ती घरात घ्यायची. दोर आवळावा म्हणून शिंपडतात, असं मला वाटायचं. अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत तसंच वाटत होतं. शरमेनं श्रीपतीकडं बघायचं धाडस होईना.

तात्या खुर्चीतून उठले आणि काठी टेकत बाजेपाशी आले. आता ते बोलणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं.

"श्रीपती, तू आडवा हो," ते म्हणाले.

"इणली मोहननं, तात्या. पाठ त्याची टेकाय पायजे."

"त्यानं नुसता दोर वढला. इणणं भिमाचं हाय." तात्या थांबले. त्यांना दम लागला होता. "बाज का झोळी व्हती ते मला तवाबी ठावं हुतं. तरी मी त्याला बोल लावला. त्येवढंच सांगाय आलोय."

श्रीपतीनं चष्मा काढून माझ्या हातात दिला, पायातल्या चपला सोडल्या आणि तो बाजेवर आडवा झाला. डाव्या खांद्याखाली ढिली आहे, म्हणाला. मी ओढली. आता कमरेखाली, म्हणाला. मी पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. मी विचारलं, तरी नाही. त्याचे डोळे मिटलेले होते, श्वास संथ चालला होता आणि वाकडी बोटं छातीवर सैल पडली होती.

शालन दारातून त्याला हाक मारणार होती, पण तात्यांनी हातानंच तिला थांबवलं. मी खुर्ची आणली, ती त्यांनी नाकारली. काठीवर भार देऊन ते आपल्या बाजेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि दिवस कलेपर्यंत त्यांनी त्याला कोणाला उठवू दिलं नाही.