जाळ्याला बांधलेल्या सहा खुंट्या

सगुणामामी जाळं खांद्यावर टाकते तेव्हा एक बारीक किणकिण होते. गावातल्या इतर ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, जाळ्यांना शिशाच्या गोळ्यांची झालर असते आणि तिचा आवाज बद्द असतो. मामीच्या जाळ्यात मात्र त्या गोळ्यांच्या रांगेत मधूनमधून सहा धातूच्या खुंट्या आणि एक चौकोनी पोलादी पट्टी ओवलेली आहे. मार्गशीर्षातल्या सकाळी, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांवर धुकं अजून बूड टेकून असतं, तेव्हा तलावाच्या पाळीवरून ती किणकिण चालत जाते आणि न पाहताही गावाला कळतं की सगुणा पाण्यावर निघाली. पवनीच्या अलीकडचं आमचं हे आजोळ. इथं माणसं एकमेकांना पावलांच्या आवाजावरून ओळखतात, मामीला तिच्या जाळ्यावरून.

ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते. लुगड्याचा काचा घट्ट, कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदणाचा हिरवट ठिपका, आणि उन्हानं, वाऱ्यानं, वयानं वाळत गेलेले पण अजून जराही न वाकलेले खांदे. फेकण्याआधी जाळ्याचा काठ दातात धरावा लागतो. मामी गोळीचा काठ धरत नाही. तिच्या दातांत येते ती नेमकी ती पोलादी पट्टी. क्षणभर ती तशीच उभी असते, मान तिरपी, डोळे बारीक, दातांत लोखंड. मग अंगाला एक हिसका बसतो आणि जाळं उगवत्या उन्हात पूर्ण गोल उघडून पाण्यावर पडतं. लहानपणापासून मी बायकांना राग गिळताना पाहत आलो आहे. राग दातात धरून रोज कामाला लावणारी बाई मी ही एकच पाहिली.

बायका जाळं फेकत नाहीत, असं गावात म्हणायचे. जाळं विणणं, सांधणं, पाटीत मासे घेऊन बाजारात बसणं ही त्यांची कामं. पण दशरथमामा गेला आणि त्याचं जाळं खुंटीवर वाळत पडलं, तेव्हा मामीनं कुणाला न विचारता ते उतरवलं. लोक चार दिवस बोलले. नंतर तिची मरळ बाजारात सगळ्यांआधी संपायला लागली तशी तोंडंही बंद झाली.

दशरथमामाची ओळख सांगायची तर त्याच्या दोन हातांची वेगवेगळी सांगावी लागेल. उजव्या तळव्यावर जाळ्याच्या दोरीचे घट्टे होते आणि डाव्या बोटांच्या टोकांवर तारांचे. पावसाळाभर तो मासे धरायचा आणि दिवाळीनंतर, गावोगावी मंडईची जत्रा भरून नाटकांचे मंडप उभे राहिले, की नाटक मंडळीच्या बैलबंड्यांमागून, पुढे टेम्पोतून, आपली इलेक्ट्रिक गिटार घेऊन निघायचा. ती गिटार त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या आजोबांना, मिळाली होती. आजोबा नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवर परदेशी इंजिनिअरच्या बंगल्यात स्वयंपाकाला होते. इंजिनिअर कायमचा मायदेशी परतताना जड सामान वाटून गेला, त्यात ही. तपकिरी रंगाची, मध्यभागी मधासारखी उजळत गेलेली. हार्मोनियम आणि ढोलकीच्या मध्ये ती वाजायला लागली की विरहाच्या प्रवेशात म्हाताऱ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. त्या सुरात वाऱ्यावर हलणाऱ्या धानाची सळसळ होती, असं मला अजून वाटतं. मामाच्या पट्ट्याचं बक्कल घासून घासून तिच्या पाठीवरचा रंग गेला होता आणि आतलं लाकूड बशीएवढं उघडं पडलं होतं. तिथं हात ठेवला की मामाचं पोट आठवायचं.

गिटारीच्या तारा पिळायच्या खुंट्या सैल झाल्या, सूर धरेनात, तेव्हा त्यानं नागपूरहून नव्या आणून बसवल्या. एकदा बंडी कलंडली आणि गिटारीची मान डुगडुगायला लागली, तर वरठीच्या एका वेल्डरकडून जाड पत्रा कापून मानेमागे लावला. तिथली मूळची पोलादी पट्टी काढली. तिच्यावर आकडे कोरलेले होते आणि चारही कोपऱ्यांना भोकं होती. ढिवराच्या घरात लोखंड फेकत नाहीत. वजन म्हणून जे चालेल ते जाळ्याला लागतं, मग ते सायकलचं नट असो की कुलपाचा तुकडा. मामानं त्या सहा खुंट्या आणि ती पट्टी आपल्या हातानं जाळ्याला बांधली आणि विसरून गेला. आमच्या आजोळी एक रीत आहे: जाळ्यातली गाठ ज्यानं मारली तो मेला, तर ती गाठ पुन्हा कुणी सोडत नाही. भोवतीचं जाळं फाटलं तर सांधतात, गाठ तशीच ठेवतात.

मामाच्या तेरवीला नागपूरहून एक साहेब आले होते. पांढरा कुर्ता, चंदनाचा वास, साखरेत घोळलेली वाणी. जुनी वाद्यं जमवतो म्हणाले. मामाच्या फोटोपुढे डोकं टेकवलं, पंगतीत मांडी घालून बसले, तेरवीचं जेवले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग म्हणाले की नाटकातल्या जुन्या कलावंतांचं प्रदर्शन भरवणार आहोत, दशरथरावांची गिटार त्यात मानानं ठेवू, पुढच्या मंडईला परत आणून देऊ. मामीनं ती लुगड्यात गुंडाळून त्यांच्या हाती दिली. माझ्या वडिलांनी कागद करून घ्या म्हटलं, तर ती त्यांच्यावरच चिडली. "तेरवीचं जेवला तो मानूस. घरचा झाला. घरच्याले कागद कायले मांगाचा?" तिच्या जगात ते खरंच होतं. मेलेल्याच्या नावाचा घास घेऊन खोटं बोलणारा माणूस तिनं पाहिलाच नव्हता.

मंडई आली आणि गेली. पुढचीही गेली. मग भंडाऱ्याला, मी राहतो तिथं, माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. काचेच्या कपाटात, नेमक्या सोडलेल्या उजेडात, मामाची गिटार उभी होती आणि साहेब तिचं माहात्म्य सांगत होते: त्या कारखान्यानं त्या काळी अशा मोजक्याच घडवल्या, त्यातल्या बऱ्याच मोडल्या, जळल्या, रंगवून बिघडवल्या गेल्या, म्हणून उरलेल्या एकेकीसाठी जगभरचे शौकीन झुरतात. किंमत त्यांनी हसत सांगितली. त्या पैशांत आमच्या गावातली तलावाखालची सगळी शेती आली असती. आणि पाठीवरची ती झीज? कॅमेरा जवळ नेऊन, तिच्यावरून बोट फिरवून साहेब म्हणाले, ही एका थोर परदेशी वादकाच्या वर्षानुवर्षांच्या साधनेची खूण आहे. माझ्या मामाचं पोट त्यांनी कुण्या गोऱ्याच्या नावावर करून टाकलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरलेली नाही आणि मला ती उतरवायचीही नाही.

मी आजोळी जाऊन दाखवलेला तो व्हिडिओ मामीनं दोनदा पाहिला. रडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. फक्त साहेबांचं बोट त्या उघड्या लाकडावर फिरलं तिथं तिनं आपला हात आपल्याच पोटाशी आवळून धरला. मग उठली, परसात गेली आणि वाळत घातलेल्या जाळ्यातली ती पट्टी बोटांनी चाचपली. फिर्याद करू, असं मी म्हणालो. कशाच्या जोरावर करणार होतो? कागद नव्हता.

पण देव नसला तरी लोभ असतो, आणि तो माणसाला बरोबर पुन्हा दाराशी आणून उभं करतो. पुढच्या हिवाळ्यात साहेबांची गाडी पाळीखाली थांबली. मी तेव्हा आजोळीच होतो. गिटारीला गिऱ्हाईक मिळालं होतं, पण ते बाहेरदेशीचं होतं आणि अडून बसलं होतं: मानेमागची आकड्यांची पट्टी अस्सल हवी, खुंट्या अस्सल हव्यात, नाहीतर वय सिद्ध होत नाही आणि सौदा होत नाही. साहेबांनी हात जोडले. जुने सुटे भाग घरात कुठे पडले असतील तर, काकू, जरा शोधता का?

"हायेत ना," मामी म्हणाली. "पयले जेवा."

सकाळीच धरलेली मरळ तिनं तिखटजाळ रश्श्यात शिजवली, भाताचा ढीग वाढला, समोर बसून आग्रह केला. साहेब घाम पुसत जेवले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. हात धुऊन झाले तेव्हा मामीनं जाळं आणून अंगणात उन्हात पसरलं.

"ज्या मासोयीवर तुमी हात मारला ना साहेब, ते याच खुंट्याईनं धरली."

साहेबांनी पाहिलं. त्या सहा खुंट्यांवर शेवाळ्याची हिरवी पुटं होती, पट्टीला तांबूस गंज चढला होता. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त असं पायरीपायरीनं उतरताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, डोळे भरून पाहिलं. ते खाली वाकले, हात पुढे केला.

"हात नोका लावू. मेल्या मानसाची गाठ हाये. आमच्यात सोडत नाई."

"बाई, ह्याची किंमत तुम्हाला माहीत नाही."

"माहीत हाये मनून त देऊन नाई राहिली."

मग त्यांनी पैसे सांगितले, वाढवले, पुन्हा वाढवले. मामी जाळ्यातलं गवत वेचत राहिली. शेवटी मान वर करून तिनं आपली अट सांगितली. "पैशे नोको. त्या काचेवर माह्या मानसाचं नाव लिहा. ते पाठ कोनाच्या पोटानं घासली ते त्याच मोबाइलवर जगाले सांगा. मंग मीच इरा घेऊन गाठ कापीन." इरा म्हणजे विळा. तो तिच्या हाताशीच पडला होता.

साहेबांना ते जमणार नव्हतं. खरं सांगावं तर आधीचं सगळं खोटं ठरत होतं आणि खोटं टिकवावं तर ही पट्टी मिळत नव्हती. मांजरानं दुधात तोंड घातलं होतं आणि आता डोकं मडक्यातून निघत नव्हतं. गाडी गेली तेव्हा धूळ बराच वेळ पाळीवर तरंगत होती, आणि मामी, जिला मी मामा गेल्यापासून कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, ती त्याच्या एका विरहाच्या गाण्याची चाल नाकातल्या नाकात धरून भांडी घासत होती.

साहेब अजून येतात. दर हिवाळ्याला, धुकं पातळ झालं की गाडी येते. मामी त्यांना पाहिलं की आधी पाण्यात उतरते, पट्टी दातात धरते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जाळं फेकते. तळाशी रेती आहे, खडक आहे. दर फेकीला पट्टी खरवडते, आणि काठावर उभ्या त्या माणसाचं काळीजही.

मागच्या खेपेला आजोळी गेलो तेव्हा मी ती पट्टी उन्हात धरून पाहिली. आकडे पुसट झाले आहेत. शेवटचे दोन तर बोटालाच कळतात, डोळ्याला नाही. ही तर मामाचीही वस्तू, त्याच्या हातची, घरात उरलेली शेवटची. मी मामीला तसं म्हणालो. ती पाण्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा मला रागाच्या खालचा तळ दिसला, आणि तिथं नुसतं एकटेपण होतं.

"मले का दिसत नाई काय बाबू," ती हळू म्हणाली. "झिजून राहिली ते मलेबी समजते. पन त्याच्या काचीत राह्यली असती त त्याची झाली असती. इथं झिजली त आमचीच झिजली."

मग तिनं जाळं उचललं. तीच किणकिण झाली, थोडी मंद, थोडी जुनी. काळ सगळ्यांनाच झिजवतो, चोराला आणि धन्याला सारखाच. गेलेला माणूस तो परत देत नाही, आणि आठवणही एक दिवस तळाच्या रेतीत घासून सपाट करतो. पण ज्या दिवशी त्या पट्टीवरचा शेवटचा आकडा जाईल त्या दिवशी काचेतली ती गिटार जन्माची बेवारस होईल, आणि तो दिवस मामी रोज सकाळी दातात धरून थोडा थोडा जवळ ओढते आहे.