तीन शिट्ट्यांची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. माझ्या दांड्याला सुतळी गुंडाळली आहे, बूड काळं पडलं आहे. पण शिट्टी अजून खणखणीत आहे, देवाची कृपा!

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो. एका आजींनी मला या घराला भेट दिलं. इथे सहाजण राहतात. त्यांना स्किझोफ्रेनिया नावाचा आजार आहे. त्यात पुष्कळांना नसलेले आवाज ऐकू येतात. ही माणसं वेळेवर औषध घेतात, पाळीपाळीने झाडतात, रांधतात आणि पुन्हा आपल्या पायांवर उभी राहतात. सोबतीला एक ताई असतात.

इथली एक रीत मला फार आवडते. मी शिट्टी दिली की कुणीतरी विचारतं, "वाजली का?" मग दुसरं कुणी खरं ते सांगतं. इथल्या मास्तरीणबाई तर हजेरी घेतल्यासारख्या म्हणतात, "पहिली, हजर!"

एके दिवशी इथेच राहणाऱ्या शिंपीदादांची धाकटी बहीण यायची होती. त्यांना एकट्याने स्वयंपाक जमला, तर ती त्यांना घरी नेणार होती. त्यांनी बटाटे लावले. बाकीचे ताईंबरोबर बाजारात गेले होते.

मी शिट्टी दिली. दादा दचकले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "नाही, हा आवाज खरा नाही." मी जीव तोडून वाजत राहिलो. आतलं पाणी आटलं आणि माझं बूड करपलं.

बहीण आली ती धुरातच. तिने धावत जाऊन गॅस बंद केला.

"दादा, अरे, शिट्ट्या ऐकू नाही आल्या?"

"आल्या गं. पण विचारायला कुणी नव्हतं." त्यांनी मान खाली घातली. "तू जा. मी इथेच बरा."

तिने पदर खोचला, मला खसाखसा घासलं आणि दादांच्या हातात नवे बटाटे ठेवले.

"वाजली का गं?"

"वाजली. पहिली."

"ही?"

"दुसरी. कान शाबूत आहेत हो तुझे, डोकं तेवढं लहानपणापासून असंच!"

दादा किती दिवसांनी हसले! तिसऱ्या शिट्टीला त्यांनी कुणाला विचारलं नाही. स्वतःच गॅस बंद केला.

"आमच्याकडेही कुकर आहे, दादा," बहीण म्हणाली, "आणि विचारायला मी आहे."

महिन्याभराने ते घरी गेले. मी इथेच आहे, नव्या हातांना वळण लावतो आहे.

मित्रांनो, माझी रबरी रिंग वेळेवर बदला, मला कोरडा चुलीवर ठेवू नका. आणि कुणी "वाजली का?" असं विचारलं, तर हसू नका. क्षणभर थांबा, कान द्या आणि खरं ते सांगा.