दसऱ्याच्या पहाटे मी सुरूच झाले नाही

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. रंग उडालेली, एका अंगाला पोचा आलेली ही म्हातारी व्हॅन मीच. मी पेट्रोलवर चालते आणि माझे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तुमच्यापैकी कित्येकांच्या आईबाबांच्या लग्नाआधीपासून मी रस्त्यावर आहे. त्यामुळे आता आपल्याला कशाचाच धक्का बसायचा नाही, असे मला वाटायचे. यंदाच्या दसऱ्याने माझी ती घमेंड पार उतरवली.

माझी उमेदीची वर्षे सातपूरला एका वर्कशॉपमध्ये गेली. लोखंडाचे सुटे भाग वाहून वाहून माझे कंबरडे मोडायची वेळ आली, पण मी कधी अडून बसले नाही. मालक चारचौघांत माझे कौतुक करायचे. पुढे त्यांनी नवा टेम्पो घेतला आणि मला भिंतीकडेला उभे केले. माझ्याखाली कुत्री झोपू लागली. एके दिवशी मखमलाबादकडचा जीवन नावाचा शेतकरी आला आणि मला घेऊन गेला. त्याने मागच्या सीटा काढून टाकल्या, आणि मी टोमॅटो, कोथिंबीर आणि फुले वाहू लागले. जीवन कष्टाळू, पण डोके भारी तापट. त्याची बायको शुभांगी माझ्यावरच गाडी शिकली. तो पोचा तिचाच, पण माझी काही तक्रार नाही.

यंदा शुभांगीने हट्टाने विहिरीजवळच्या तुकड्यात झेंडू लावला. तिच्या सासूबाईंना, गोजराबाईंना, ते मुळीच पटले नव्हते. "एका दिवसाचं पीक हाय ते. दसरा सरला की कोन इचारतं?" असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्यांना तिथे द्राक्षे हवी होती. शेवटी घरात ठरले, दसऱ्याला फुले नीट खपली तर तो तुकडा कायमचा शुभांगीच्या हाती, नाहीतर द्राक्षे. पोरीने त्या झाडांमागे पावसाळाभर जीव टाकला होता.

खंडेनवमीला दुपारी जीवन आणि शुभांगी तोडणीला गेलेले असताना गोजराबाईंनी मोटरीचा पाइप घेऊन मला आंघोळ घातली. सीट उचलून आतली वर्षानुवर्षांची काजळीसुद्धा साबण लावून धुतली. धुताना त्या माझ्याशी बोलत होत्या, "लय राबलीस गं बाई आमच्यासाठी." मग हळदीकुंकवाची बोटे लावली आणि हार घातला. मित्रांनो, मी लाजून चूर झाले. उभ्या आयुष्यात माझे असे लाड कोणी केले नव्हते. संध्याकाळी माझ्या पोटात झेंडूचे क्रेट छतापर्यंत रचले गेले.

पहाटे जीवनने किल्ली फिरवली. स्टार्टर गरगर फिरला, पण इंजिन काही सुरू होईना. पुन्हा किल्ली, पुन्हा गरगर, आणि मग शांतता. मी हबकलेच! मला काही दुखत नव्हते, खुपत नव्हते. तरी मी जिवाच्या आकांताने धडपडत होते आणि माझ्यातून साधा फुर्र आवाजही निघत नव्हता. आपलेच अंग आपले ऐकत नाही, हे काय भलतेच!

"बॅटरी गेली वाटतं," जीवन म्हणाला.

"बॅटरी गेली असती तर एवढी गरगर फिरली असती का? पेट्रोल बघा," शुभांगी म्हणाली. तिचा आवाज घाबराघुबरा झाला होता.

जीवनने सीट उचलली. पेट्रोलचा भपकारा आला. म्हणजे पेट्रोल पोचत होते. मग त्याने एक प्लग काढला, वायरीला जोडून लोखंडाला टेकवला आणि शुभांगीला किल्ली फिरवायला सांगितली. तिथे ठिणगी उडायला हवी होती. काहीच उडाले नाही.

"करंटच नाय येत. कॉइल गेली असंल. आता सणाच्या दिवशी कोन दुकान उघडं ठेवतंय?"

शेजाऱ्यांच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. मोटारसायकलवर किती क्रेट मावणार? आणि दुपार झाली, घरोघरी तोरणे लागली, की झेंडूकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. जीवनने पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. माझी बॅटरी थकत चालली, आवाज जड झाला. आणि मग त्याने मला सणकून लाथ घातली.

"हिला कवाच भंगारात घालायला पायजे होती! आन् त्या तुकड्यात आता द्राक्षंच लावू."

 काल हार आणि आज भंगार? शुभांगी तर क्रेटवर हात ठेवून नुसती उभी राहिली.

गोजराबाई दारात होत्या. केव्हापासून त्यांच्या तोंडाशी काहीतरी येत होते आणि त्या ते गिळत होत्या. जीवन पुन्हा किल्लीला हात घालणार, तेवढ्यात त्या पुढे आल्या.

"जीवन, थांब रे. काल म्या सीट उचलून आतबी पानी मारलं. साबन लावून."

जीवन गर्रकन त्यांच्याकडे वळला. "मुद्दाम केलंस का आई? तुला झेंडू नकोच होता!"

त्या वाक्याने मला लाथेपेक्षा जास्त लागले. गोजराबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्यावर हाच आळ येणार, म्हणूनच त्या इतका वेळ गप्प होत्या. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, अरे, ज्या मायेने त्यांनी मला धुतले, ती मी अनुभवली आहे! पण मला बोलता येत नाही.

शुभांगी सासूबाईंजवळ गेली. आता ही काय बोलणार, याची मला धास्ती वाटली.

"आई, तुमचा पदर कोरडा हाय ना? द्या इकडं," ती म्हणाली.

बस, एवढेच. गोजराबाईंनी नव्या साडीचा पदर तिच्या हातात दिला.

माझ्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर नावाचा भाग असतो. तो करंट प्लगांना वाटून देतो. शुभांगीने त्याची काळी टोपी काढली, तर आत साबणाच्या पाण्याचे थेंब! दोघींनी मिळून ती टोपी आतून बाहेरून पुसली. ओशाळलेल्या जीवनने खाली मान घालून तिन्ही प्लग पुसून बसवले. मग शुभांगीने किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हत कण्हत फिरला, मी एकदा खोकले, काळा धूर सोडला आणि सुरू झाले!

जीवन आईला काही बोलू लागला, पण गोजराबाई आधीच माझ्यात चढून शुभांगीशेजारी बसल्या होत्या. तो मोटारसायकलवर मागून आला. पंचवटीच्या फूलबाजारात मी पोचले तेव्हा गर्दी ऐन भरात होती. एका व्यापाऱ्याने क्रेटमधले फूल उचलून बघितले आणि विचारले, "माल कोणाचा, मावशी?"

ग्रीसने काळा झालेला पदर खोचून घेत गोजराबाई सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या सुनंचा!" दुपारच्या आत माझे पोट रिकामे झाले, आणि विहिरीजवळचा तो तुकडा शुभांगीचा झाला.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना जरूर धुवा, पण इंजिनावर पाणी मारू नका. आणि आम्ही अडलो तर लाथ घालण्याआधी विचारा, काल गाडीला कोणी काय केले होते? जो खरे सांगेल, त्याच्यावर मात्र ओरडू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल, आणि आम्हाला तर बोलताच येत नाही.