अंदाजपत्रकाचा नारळ

नीलाबाईंनी डब्यातल्या धपाट्यांवर आणखी एक धपाटं दाबून बसवलं आणि झाकण लावलं. नगरपालिकेचं अंदाजपत्रक मठात न्यायचं तर सोबत डबा लागतो, असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. पण दर सोमवारी त्या डबा नेत होत्या, आणि दह्याची वाटी वेगळी.

दारात चांदबी रिकामी घागर घेऊन उभी होती. दोघीही नगरसेविका. सभागृहात ती समोरच्या बाकावर बसून नीलाबाईंच्या पार्टीला शिव्या घाली. एरवी दोघींच्या घरांची भिंत एकच.

"आज तरी आणतीस का नारळ?"

"अप्पांच्या मनावर हाय, बाई."

"आमच्या मौलानासाबांनी बी अडवलंच की ईदगाहच्या भिंतीपायी. पण शेवटी म्हनले, भिंत ऱ्हाऊ द्या, आधी पाणी. तुमच्या अप्पाला तहान लागत न्हाई का?" चांदबीने घागर ओट्यावर आपटली. "नाझनीनला आठवा लागलाय. सून माझी पोट धरून टँकरमागं पळून राहिली. काल घसरली."

नीलाबाईंचा हात डब्यावर थांबला. "लागलं?"

"गुडघ्यावर निभावलं. पुढच्या बारीला कशावर निभावंल, ते अप्पालाच विचार."

गावाच्या पंपाची मोटार जळून गेली होती. नवी मोटार अंदाजपत्रकात होती आणि अंदाजपत्रक अधांतरी होतं. सभागृह बरोबर निम्मं-निम्मं फाटलेलं, राहिलं एकच मत, नीलाबाईंचं. आणि त्यांनी भर सभेत सांगून टाकलं होतं, अप्पांचा शब्द आल्याबिगर हात वर करणार न्हाई.

मठाचे स्वामी अप्पा शब्द तोंडाने देत नसत. होकार असला तर पदरात नारळ, नसला तर कपाळाला विभूती. एरवी माणसाला नारळ देणं म्हणजे त्याला घरचा रस्ता दाखवणं. इथं मात्र नीलाबाईंना एकदाचा नारळ मिळावा म्हणून अख्खं गाव देव पाण्यात घालून बसलं होतं. म्हणजे, पाणी असतं तर बसलं असतं. नगराध्यक्ष अमृतराव सोमवारी संध्याकाळी रस्त्यात गाठून आधी त्यांचा पदर बघत, मग कपाळ, आणि मुकाट्याने चालू लागत.

एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. अप्पांनी आपणहून काहीच अडवलं नव्हतं. गटारीचं कलम जरा संशयाचं वाटतंय, असं नीलाबाईच म्हणत. मग अप्पा म्हणत, "असं हाय का? बघू पुढच्या सोमवारी." आणि गोष्ट गटारीवरून रेणापूरला जाई. तिथं लहानपणी दोघांची घरं पाठीला पाठ लावून होती. कुणाची म्हैस कुणाच्या कडब्यात शिरायची, चिंचा पाडताना कोण कुणाच्या अंगावर पडलं होतं, असलं बोलणं. मग एक दिवस अप्पांना, तेव्हाच्या शिवमूर्ती नावाच्या पोराला, गादीसाठी मठात नेलं, आणि पुढे नीलाबाईंचं लग्न या गावात झालं. आता त्यांच्या नवऱ्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. अप्पांना, गादीवर बसल्यापासून, लोक फक्त विचारायला येत. सांगायला कुणी येत नसे.

मठात अप्पांनी डबा उघडला. भक्तांची रांग दाराबाहेर थांबली होती.

"बोला नीलाबाई, आज कोणतं कलम?"

"आज कलम न्हाई. नारळ द्या."

अप्पांचा घास वाटेतच थांबला. त्यांनी तो परत डब्यात ठेवला, हात पुसले आणि शेजारच्या ढिगातून एक नारळ उचलला. कानाशी नेऊन हलवला.

"ह्यात पाणी न्हाई."

दुसरा उचलला. "ह्यो तडकल्यावानी वाटतो."

तिसरा हलवून बराच वेळ ऐकत बसले. "पुढच्या सोमवारी ताजे येतील."

ढीग सकाळीच आला होता. तिन्ही नारळांतलं पाणी नीलाबाईंना बसल्या जागेवरून ऐकू आलं होतं. इतके सोमवार ही चोरी आपल्या एकटीची आहे, असं त्या समजत होत्या. त्यांनी खाली सतरंजीकडे पाहिलं, आणि उगाच तिचा एक दोरा सरळ केला.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "चांदबीची सून पाण्यापायी घसरून पडली. आठवा महिना हाय तिला."

अप्पांनी पहिला नारळ पुन्हा उचलला. नीलाबाईंनी पदर पुढे धरला. नारळ पदरात आला. त्यावरचा अप्पांचा हात निघायला जरा उशीर झाला.

"बजेट वर्षातून एकदाच असतं का?" अप्पांनी विचारलं.

"एकदाच."

बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं.

"साल लई लांब असतं, नीला."

'बाई' त्यांनी गाळलं होतं. नीलाबाई उठता उठता थांबल्या. पदराची गाठ मारली, ती पक्की होती तरी पुन्हा सोडून मारली.

"पुरवणी बी असती," त्या नारळाकडे बघत म्हणाल्या. "दिवाळीच्या आसपास येती."

"ती लई बारकाईनं बघावी लागंल," अप्पा म्हणाले, आणि पुढच्या भक्ताला आत बोलवायचं विसरून गेले.