हाताला हात लावा!

राजोडीच्या किनाऱ्यावर शनिवारच्या मुंबईकरांच्या गाड्या.

विरारपर्यंत आगगाडी आली आणि वाडीतली केळी मुंबईच्या बाजारात जाऊन बसली.

स्टीलचं एक यंत्र, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. त्याच्या दाराला झेंडूचा हार.

‘सुधाकर अँड सन्स. वसईची अस्सल सुकेळी.’ पाटीचा रंग ओला.

कुणीतरी टेम्पोचा हॉर्न वाजवतंय.

आता हे सगळं नंदाखालच्या एका अंगणात आणून ठेवा, म्हणजे सुधाकररावांची ती सकाळ तुमच्यापुढे उभी राहील! इतकी वर्षं घरची केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करायची आणि ओळखीपाळखीत विकायची. आज केळी सुकवायचं यंत्र आलं होतं. पूजा झाली की नव्या नावाचे पहिले खोके दादरच्या दुकानाकडे निघणार होते. सुधाकररावांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“यजमान, हातावर पाणी घ्या,” भटजी म्हणाले. “वहिनी, तुम्ही यांच्या हाताला हात लावा.”

जयवंतीबाईंनी हात पुढे केला. वर पाटीकडे पाहिलं. हात मागे घेतला!

“काय झालं?”

“पाटी वाचली.”

“अगं, मुहूर्त टळतोय!”

“टळू दे. केळी पिकत घालायची मी, सोलायची मी, उन्हात परतायची मी, संध्याकाळी झाकून ठेवायची मी. आणि धंदा झाला की मी नुसतं तुमच्या हाताला बोट लावायचं?”

“लोक हसतायत, जयवंती!”

“लोक नाही बाबा, मी हसतेय,” उन्नती म्हणाली. मुंबईतली नोकरी सोडून हे यंत्र घरी आणणारी त्यांची मुलगी ती. “सन्स म्हणजे नक्की कोण हो? दादा तर फुलपाड्याच्या फ्लॅटवर अजून घोरतोय!”

अंगणात हशा पिकला. सुधाकररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मदतीसाठी शेजारच्या आलोशियस अंकलकडे पाहिलं. “अंकल, तुम्हीच सांगा हिला. धंद्याची रीतच आहे ना ही?”

“रीत आहे खरी,” म्हातारा आलोशियस खुर्चीतून म्हणाला. “माझी आजी डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायची. टोपलीवर नाव नव्हतं, पण गिऱ्हाईक तिला नावाने हाक मारायचं. मग व्यापार वाढला. बाबाने मुंबईत गाळा घेतला, गाळ्याला पाटी आली, पाटीवर बाबाचं नाव आलं. आजी घरात जुड्या बांधत राहिली आणि आम्ही पोरं सांगायचो, ‘आजी काय, घरीच असते!’ बाजाराने गाव बदलतं, सुधाकर. बदलू दे! तुझं यंत्र बघून मीही खूश आहे. पण दर नव्या धंद्यात बाईचं काम तेवढं घ्यायचं आणि नाव पुसायचं, ही रीत तू कशाला पुढे चालवतोस?”

सुधाकररावांची नजर पाटीवर गेली. कालच दादरच्या दुकानदाराने विचारलं होतं, “घरात आणखी कोण करतं?” आणि ते सहज बोलून गेले होते, “मिसेस असते, जरा मदत करते.”

जरा!

त्यांनी बायकोच्या मागे घेतलेल्या हाताकडे पाहिलं. केळीच्या चिकाने बोटं काळी पडली होती. सणाला घासूनही तो डाग जात नसे. त्यांचे स्वतःचे हात मात्र स्वच्छ होते.

बाहेर हॉर्न वाजला.

“थांब रे जरा!” सुधाकरराव ओरडले. पाटावरून उठून, ओल्या रंगाची पर्वा न करता त्यांनी पाटी उतरवली. मग पाटाकडे बोट दाखवलं. “जयवंती, तू बस इथे. यजमान तू. हात मी लावतो!”

भटजी चाचरले. “अहो, पण शास्त्रात असं...”

“भटजीबुवा,” आलोशियस म्हणाला, “शास्त्रात हे यंत्र तरी कुठे आहे?”

भटजींनाही हसू आवरेना. जयवंतीबाई पाटावर बसल्या. नवऱ्याचा हात आपल्या हाताला लागताच त्या पुटपुटल्या, “नीट लावा. रंग लागलाय तुमच्या हाताला.”

“लागू दे,” सुधाकरराव म्हणाले.

“आणि खोक्यांवरचं नाव?” कुणीतरी विचारलं.

“मार्कर आहे की!” उन्नती टेम्पोकडे धावलीसुद्धा. प्रत्येक खोक्यावरचं ‘सुधाकर अँड सन्स’ खोडून तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘जयवंती आणि उन्नती’. खाली, बाबांनी फार गयावया केली म्हणून, ‘व सुधाकर’.

वाचकहो, यंत्रं आणा, शहर गाठा, धंदे वाढवा! पण घरातलं काम दुकानात गेलं की ते करणाऱ्या बाईचं नावही दुकानात जाऊ द्या. तिच्या कष्टाला ‘मदत’ म्हणणं आजपासून सोडा.

जयवंतीबाईंनी माहेरी पहिलं केळं उन्हात वाळत घातलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या.